'निरंक' हा शब्द न लिहिण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी साहेब,
शिकार परवाना शाखा,
जिल्हा वन कचेरी.

अर्जदार : ऑगस्टीन इनास तुस्कानो, वय ५२, धंदा केळीची बागायत, पूर्वी लाकडाच्या वखारीत कारकून, राहणार सांडोर, तालुका वसई, जिल्हा ठाणे.

विषय : भेकराच्या शिकारीचा परवाना कायमचा रद्द होणे, व त्यासोबतच्या विवरणात 'निरंक' लिहिण्यापासून सूट मिळणे.

संदर्भ : १) आपले स्मरणपत्र ता. १२ मे १९५५. २) आपले पत्र ता. २० जून १९५५. ३) आपले पोस्टकार्ड ता. ६ ऑगस्ट १९५५, ज्यात माझ्या नावावर दोन भेकरे शिल्लक असल्याचे कळवले आहे.

महोदय,

१. मी जन्माने सांडोरचा असलो तरी सन १९३४ पासून सन १९५३ पर्यंत चांद्याकडे, एका वखारीत नोकरीस होतो. तो मुलूख आज मध्य प्रदेश राज्यात मोडतो. तेथे माझ्याकडे शिकारीचा परवाना होता व त्याविषयी माझी कधी तक्रार झाली नाही. नोकरी संपल्यावर मी मुंबई राज्यात, म्हणजे स्वतःच्या गावी, परत आलो. गाव तेच होते. राज्य दुसरे आहे, आणि त्याबरोबर नियमही दुसरे आहेत, ही गोष्ट मी मनावर घेतली नाही.

२. नोव्हेंबर १९५४ मध्ये आपल्या शाखेतून मला दोन भेकरांचा परवाना मिळाला. त्यावर 'सोबतच्या नियमांस अधीन' असे छापले आहे. सोबत काही नव्हते. मी विचारले तेव्हा खिडकीवरचे कारकून म्हणाले, "नियमांची प्रत संपलीय. पंधरा दिवसांनी या, नाहीतर पत्ता देऊन ठेवा, पोस्टाने पाठवू." मी पत्ता दिला. पंधरा दिवसांनी गेलो नाही. यात कचेरीचा दोष मी धरत नाही. जंगलात एकोणीस वर्षे काढलेल्या माणसाला भेकराविषयी कागद काय सांगणार, असे मला वाटले होते.

३. माझी धाकटी बहीण क्लारा पापडीस दिली आहे. तिचे यजमान प्लासिड बस्त्याव मच्याडो, धंदा सुतारकाम. त्यांची मुलगी विनी हिचे लग्न १० जानेवारीस ठरले होते. चांद्याकडे हरणाच्या मटणाशिवाय लग्नाची पंगत उठत नाही, असे मीच त्यांच्या ओसरीवर बसून सांगितले. प्लासिड म्हणाला, "इथली भेकरं तुमच्या चांद्याची मराठी समजायची नाहीत हां, दादा." सगळे हसले. क्लाराही हसली. शिकारीची हौस प्लासिडला नव्हती. त्याने माझ्या शब्दाखातर डोंगराच्या पायथ्याचा वाटाड्या धर्मा याला गाठून दिवस ठरवला. धर्माने त्याला त्याच वेळी इथला नियम सांगितला होता, असे मला मागाहून कळले.

त्या दिवशी पापडीहून डोंगरापर्यंत आम्ही बैलगाडीने गेलो. वाटेत प्लासिड म्हणाला, "दादा, एक सांगायचं राहिलंय." मी म्हणालो, "अरे, आधी हे ऐक." तेव्हा मी वखारीत घुसलेल्या रानडुकराची हकिकत सांगत होतो. तो म्हणाला, "बरं चांदावाले, तुमचं संपू दे." माझे पायथ्यापर्यंत संपले नाही. पायथ्यापासून बोलायचे नसते.

४. दिनांक ८ जानेवारी १९५५ रोजी सकाळी सुमारे साडेसात वाजता तुंगारेश्वराच्या डोंगराच्या उतारावर अर्जदाराच्या हातून अपघात घडला.

(हा परिच्छेद पोलिसांच्या कागदावरून उतरवला आहे. तो खरा आहे पण पुरेसा नाही. पुन्हा लिहितो.)

४. भेकर झाडीतून बाहेर आले. ती मादी होती. मागे पिल्लू होते. चांद्याच्या माझ्या परवान्यावर मादीविषयी काही वाचल्याचे मला आठवत नाही, म्हणून मी बंदूक खाली घेतली नाही.

(यातही प्लासिडचे नाव आलेले नाही. पुन्हा लिहितो.)

४. धर्मा माझ्यामागे उभा होता. प्लासिड डावीकडे, तीसेक पावलांवर, कारवीच्या आड बसला होता. समोर भेकर आले. प्लासिडने मादी ओळखली, पिल्लू पाहिले, आणि मी नेम धरलेला पाहिला. तो ओरडला, "सोड! दादा, सोड!" मला थांबवण्यासाठी तो उठून हात वर करून माझ्या नेमाच्या आड धावला. मी त्याच क्षणी बार सोडला. भेकर आणि पिल्लू वर निघून गेले. प्लासिड खाली बसला, मग आडवा झाला. धर्माने त्याचे डोके मांडीवर घेतले. मला ते जमले नाही. मी बंदूक कुठे ठेवावी हे शोधत होतो.

५. 'सोड' या शब्दाविषयी खुलासा करणे आवश्यक आहे. मी ज्या शिकाऱ्यांबरोबर चांद्याकडे फिरलो त्यांच्यात जनावर टप्प्यात आले की शेजारचा माणूस 'सोड' म्हणे, म्हणजे बार सोड. एकोणीस वर्षे मी तो शब्द त्याच अर्थाने ऐकला व पाळला. प्लासिडच्या तोंडी 'सोड' म्हणजे जाऊ दे. त्याने दोनदा सांगितले. आमच्याकडे दोनदा 'सोड' म्हणजे घाई कर. मी घाई केली.

धर्माने फौजदारसाहेबांपुढे जबाब दिला : "त्यांनी सोड म्हटला, यांनी सोडली. पानी मागायला पन वेळ नाय झाला साहेब." चौकशीअंती प्रकार अपघाती ठरून मला सोडण्यात आले. आदेशात शब्द तोच आहे.

६. नियमांची प्रत १९ जानेवारीस, म्हणजे प्रसंगानंतर अकरा दिवसांनी, पोस्टाने मिळाली. मी ती बागेच्या फाटकात उभ्याने वाचली. कलम सातमध्ये 'मादी, मग तिच्यासोबत पिल्लू असो वा नसो, मारू नये' असे स्वच्छ मराठीत छापलेले आहे. समजण्यास अवघड असे त्यात काही नाही. आता मला सर्व नियम पाठ आहेत. कोणत्या महिन्यात बंदी, गावापासून किती अंतर सोडावे, कोणत्या जनावराची शिंगे किती भरलेली असावीत. साहेबांनी केव्हाही विचारावे.

७. बंदूक मी त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात जमा केली. परवाना मार्चअखेर संपत होता, तो मी रद्द करण्याची विनंती करून आपल्याकडे परत पाठवला. १२ मे रोजी स्मरणपत्र आले की मारलेल्या जनावरांचे विवरण सोबत नसल्याने परवाना रद्द करता येत नाही. मी विवरणाचा छापील तक्ता कोरा पाठवला. २० जून रोजी कळवण्यात आले की कोरा तक्ता ग्राह्य नाही. जनावर मारले नसल्यास 'निरंक' असे लिहून सही करावी.

मी समक्ष कचेरीत आलो. कारकुनांनी मला बसायला खुर्ची दिली व माझ्या तोंडून सर्व हकिकत ऐकून घेतली. मग टाक दौतीत बुडवून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "तुस्कानो, एक शब्द आहे. लिहा आणि मोकळे व्हा. जनावर नाही ना मारलंत? मग झालं तर." त्यांचा हेतू चांगला होता. मी टाक हातात घेतला. शाई तक्त्यावर पडली. मी दुसरा तक्ता मागून घेतला व घरी आलो.

८. आता कारण सांगतो. दर रविवारी मी पापडीस केळ्यांचा घड नेऊन क्लाराच्या मागल्या दारी ठेवतो. ती तो घेत नाही व परतही पाठवत नाही. पुढच्या रविवारी घड तिथेच असतो, पिवळा नाहीतर काळा. जानेवारीपासून ती माझ्याशी बोललेली नव्हती. विनीचे लग्न मे महिन्यात सकाळच्या मिसेला उरकण्यात आले. पंगत झाली नाही. मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर होतो.

जून महिन्यातल्या शेवटच्या रविवारी माझ्या खिशात आपले २० जूनचे पत्र होते. विनी माहेरी आलेली होती. तिने विचारले, "मामा, कसला कागद?" आणि काढून घेऊन मोठ्याने वाचला. आतून क्लाराचा आवाज आला, "निरंक म्हंजे काय गं?"

विनी म्हणाली, "काहीच नाही, असं लिहायचं."

क्लारा पिठाच्या हातांनी बाहेर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "काहीच नाय? दादा, माझ्या घरातला मानूस डोंगरावर गेला तो परत नाय आला, आणि तू सरकारात काहीच नाय म्हनून लिहिनार?"

मी म्हणालो, "तो जनावरांचा तक्ता आहे, क्लारा."

ती म्हणाली, "मग लिहू नको," आणि आत गेली.

साहेब, ती माझ्याशी एवढेच बोलली. मला दुसरा हुकूम नाही.

९. त्यानंतर ६ ऑगस्टचे आपले पोस्टकार्ड आले. विवरण न आल्याने अर्जदाराने शिकार केली नाही असे गृहीत धरण्यात आले असून, त्याच्या नावावर दोन नर भेकरे शिल्लक आहेत व फी भरल्यास ती पुढील मोसमात मारता येतील, असे त्यात आहे. पोस्टकार्ड उघडे असल्याने पोस्टमनने वाचले. त्याने बागेच्या कुंपणाशी शेजाऱ्यांना सांगितले की ऑगस्टीनला सरकारने अजून दोन दिले. तो थट्टा करत नव्हता. त्याला ते तसेच समजले. मी दोन दिवस बाजारात गेलो नाही.

१०. मी शिक्षा मागत नाही. ती मागितली असता मिळाली नाही. अपघात म्हणजे कोणाचा गुन्हा नव्हे, हे मला न्यायाधीशसाहेबांनी समजावून सांगितले व ते बरोबर असेल. पण अपघाताचा कागद पोलिसांकडे आहे, मृत्यूची नोंद चर्चच्या वहीत आहे, आणि ज्या परवान्यामुळे मी त्याला डोंगरावर नेले त्या परवान्याच्या कागदावर मात्र काही घडलेले नाही. तिथे दोन भेकरे शिल्लक आहेत. एवढाच एक कागद माझ्या हाताने भरायचा आहे, आणि त्यात खोटे लिहिण्याची मला मुभा देण्यात येत आहे. ती मुभा मला नको.

११. सबब विनंती की,

(अ) सोबतचे विवरण जसे भरले आहे तसे स्वीकारावे. ते रकान्यांत बसत नसल्यास रकाने आखून द्यावेत. मी पुन्हा भरीन.

(आ) परवाना कायमचा रद्द करावा व शिल्लक दाखवलेली दोन भेकरे माझ्या नावावरून काढावीत.

(इ) नियमांची प्रत दिल्याखेरीज कोणासही परवाना देऊ नये. प्रत संपलेली असल्यास परवानाही संपला असे सांगावे. माणूस चिडेल, परत जाईल. तेवढेच होईल.

(ई) परराज्यातून आलेल्या शिकाऱ्यास सोबतच्या माणसाबरोबर आधी शब्द ठरवून घेण्यास सांगावे. हे कोणत्याही कलमात मला आढळले नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
ऑगस्टीन इनास तुस्कानो
सांडोर, ता. २२ ऑगस्ट १९५५

सोबत : १) मूळ परवाना. २) ६ ऑगस्टचे पोस्टकार्ड, परत. ३) विवरण, खालीलप्रमाणे.

शिकारीचे विवरण

जनावराचा प्रकार : माणूस. प्लासिड बस्त्याव मच्याडो, राहणार पापडी.

नर किंवा मादी : नर.

अंदाजे वय : एक्केचाळीस.

शिंगांची लांबी : लागू नाही.

ठिकाण व तारीख : तुंगारेश्वराचा डोंगर, पश्चिम उतार, ८ जानेवारी १९५५.

किती बार टाकले : एक.

जखमी होऊन निसटले काय : नाही.

मांस व कातडे यांची विल्हेवाट : दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी चार वाजता पापडीच्या दफनभूमीत. पेटी त्याच्याच दुकानातल्या फळ्यांची, त्याच्या धंद्यातल्या जोडीदाराने केलेली.

विवरण वाचून दाखवले, ते खरे आहे, याबद्दल दुसऱ्या इसमाची सही किंवा अंगठा : क्लारा प्लासिड मच्याडो, डाव्या हाताचा अंगठा.

दुरुस्ती, अंगठा देतेवेळी क्लाराने सांगितल्यावरून : वय चुकले आहे. आदल्या रविवारी त्याला बेचाळीस पुरी झाली होती.