पूर्वेच्या सात पायऱ्या

प्रिय लालपेन्सिल,

मी काढलेले नकाशे तू तपासायचीस तेव्हाचं ते ऑफिसातलं नाव वापरलं म्हणून चिडू नकोस. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तुझी नजर तशीच तिखट आहे, हे रविवारी भर पाण्यात कळलं. माझे दंड अजून ठणकतायत, आणि पाठीने तर असहकारच पुकारलाय. सूनबाई मलम चोळता चोळता विचारत होती, की साठी उलटलेल्या दोन बायकांना कयाकमध्ये बसायची दुर्बुद्धी सुचली तरी कुणाला. मी बेधडक तुझं नाव सांगितलं. पण खरं सांगू? गेल्या कित्येक वर्षांत मी इतकी मनापासून हसले नव्हते. त्याबद्दल तुझे आभार मानायचेत, आणि आणखी एक बोलायचंय. आपल्या त्या नकाशाबद्दल, ज्याच्यापायी तुझी अकरा वर्षं रेकॉर्ड रूममध्ये गेली. समोरासमोर तोंडच उघडलं नाही, म्हणून लिहायला बसले.

पहिला अर्धा तास आपण नुसत्या गोल गोल फिरत होतो, आठवतंय ना? तू पुढे बसून डावीकडे वल्हं मारायचीस, तेव्हा मी मागे नेमकी तुझ्या उलट. कयाक भाड्याने देणारा माणूस किनाऱ्यावरून हातवारे करून करून थकला आणि शेवटी खाली बसला. आपल्या नकाशातल्या तीन किल्ल्यांच्या बेटांपैकी पहिल्यावर किल्ला कसला, दीड भिंत आणि बाकी सगळी काटेरी झुडपं. दुसऱ्यावर मात्र जीव रमला. दगडी हौदात साठलेलं हिरवं पाणी, मातीत तोंड खुपसून पडलेली तोफ आणि दरवाजा गेलेली ती कमान. तू सगळा बुरूज पावलांनी मोजलास आणि नकाशातलं माप बरोबर आहे म्हणून माझी पाठ थोपटलीस, तीही नेमकी दुखऱ्या जागी. आपण स्टुलावर बसून ही बेटं इतकी वर्षं काढली, पुसली, पुन्हा काढली, पण पाऊल ठेवलं ते आत्ता. त्या कमानीखाली बसून उकडलेली अंडी खाताना मला वाटलं, आता आयुष्याने आणखी काही नाही दिलं तरी चालेल.

मग तिसरं बेट. त्याच्याजवळ जायला माझी छाती होत नव्हती. माझ्या नकाशात तिथे उतरायची जागा पश्चिमेला दाखवली होती, आणि त्यावर विसंबून गेलेली होडी खडकावर फुटली होती. होडीवाल्याचा पाय मोडला. तो पुढे बरा झाला, पण आपल्या ऑफिसने तो नकाशाच मागे घेतला, आणि नवीन छापला त्यात या बेटावर उतरायची जागा दाखवलीच नाही. त्यामुळे मी म्हटलं, लांबूनच बघू आणि मागे फिरू. तू कयाकचं नाक सरळ पूर्वेला वळवलंस आणि म्हणालीस, सात पायऱ्या आहेत, खालच्या दोन पाण्यात असतील, पाय जपून टाक. आणि होत्या गं! शेवाळलेल्या, बरोब्बर सात. तुला कसं ठाऊक म्हणून विचारलं, तर सहज बोलून गेलीस की तेव्हाच पाहणीच्या वहीत वाचलं होतं. पुढच्याच क्षणी तुला बुटाची नाडी बांधायची फार घाई झाली.

बेटावर जाऊन केलेल्या पाहणीची वही फक्त तपासणाऱ्याच्या हातात यायची. तू ती वाचली होतीस, म्हणजे माझी चूक तुला तेव्हाच दिसली होती. आणि दिसलेली चूक तू कधी सोडल्याचं मला आठवत नाही. परतताना वल्हं मारत मी हेच जुळवत होते.

घरी आल्यावर माझी आरेखनाची जुनी पेटी उपसली. कंपासच्या खाली, अस्तराला चिकटून, तुझी चिठ्ठी होती. लाल अक्षरात: उतरायचा धक्का पश्चिमेला नाही, पूर्वेला, पायऱ्या सात. मग सगळं आठवलं. मुलाने हात मोडून घेतला म्हणून शाळेतून फोन आला, तेव्हा मी हातातली चिठ्ठी पेटीत टाकून पळाले होते. आणि आपली ती खोड! नियम असा, की दुरुस्ती झाल्यावर तपासणाऱ्याने सही करायची. तू मात्र चिठ्ठी देतानाच सही करून मोकळी व्हायचीस, मी दुरुस्ती करणारच या भरवशावर. होडी फुटल्यावरच्या चौकशीत तू सांगितलंस, चूक माझ्या नजरेतून सुटली. चिठ्ठीचं नावही काढलं नाहीस, आणि शिक्षा म्हणून रेकॉर्ड रूमची बदली पत्करलीस. माझी नोकरी करारावर होती, घरात कमावणारी मी एकटी, करार मोडला असता तर मुलाला घेऊन मी कुठे गेले असते? तुला ते ठाऊक होतं. आणि मी काय केलं? जिन्यात तुला गाठून म्हणाले, की नीट बघितलं असतंस तर ही वेळ आली नसती. तू मान डोलावलीस. नंतर मी मुख्य आरेखक झाले, तेव्हा सगळ्यात आधी टाळ्या तूच वाजवल्यास. लाज वाटते गं. आणि त्या लाजेहून कितीतरी मोठं असं काहीतरी वाटतं, त्याला कृतज्ञता म्हणतात एवढंच मला ठाऊक आहे. माझं घर उभं राहिलं, मुलगा शिकला, ते तुझ्यामुळे.

हे मी फोनवर सांगितलं असतं, तर तू मला अडवलं असतंस. झालं गेलं सोड म्हणाली असतीस, आणि तुझा आवाज ऐकून मी सोडलंही असतं. म्हणून पत्र. आज टपालात टाकते, तुला परवा मिळेल. उद्या दहा वाजता मी ऑफिसात जाणार आहे. ती चिठ्ठी आणि माझा लेखी जबाब साहेबांच्या हातात देणार आहे. तुझ्या सेवापुस्तकातला निष्काळजीपणाचा शेरा ते खोडतील की नाही, मला माहीत नाही. नाही खोडला, तर त्याच्याखाली एवढं तरी लिहा असा हट्ट धरणार आहे, की ही चूक हिची नव्हती, माझी होती. आणि त्याखाली सही माझी असेल.

तुझीच,
उशिरा शहाणी झालेली