करवंदीच्या जाळीची वाटणी

मी, तुळसा गोविंदा भोईर, वय वर्षे ७४, राहणार मानपाडा, डोंबिवली पूर्व, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय माझ्या माघारी काय करायचं ते सांगते. वकील शुभदाताई लिहून घेत आहेत. माझा एकही शब्द त्यांनी गाळायचा नाही.

१. राहतं घर मुलगा धनेश याला. वर माडी चढवावी, माझी हरकत नाही.

२. माझ्या पाटल्या मुलगी जागृती हिला. मिठागरावरचं फावडंही तिलाच. धनेशला ते धरतासुद्धा येत नाही.

३. अंगणाच्या कडेची करवंदीची जाळी, खालच्या तीन फूट जमिनीसह, जागृतीलाच. धनेश म्हणतो, "आई, ते काटे काढून भिंत घालू, गाडी तरी उभी राहील." मेली ती गाडी, रस्त्यावर उभी कर!

ही जाळी मी रागाने लावली, हे कबूल करते. बांधावरून शेजारीण शेवंतीशी भांडण झालं. तिचं पाऊल माझ्या अंगणात पडू नये म्हणून माहेरून, मलंगगडाच्या पायथ्याहून, रोपं आणली. नळ कोरडे पडले तरी ती जगली, पांढरी फुलली, दर वैशाखात काळीभोर लगडली. एकतीस वर्षं आम्ही बोललो नाही. पण तिच्या बाजूचं करवंद मी कधी तोडलं नाही, माझ्या बाजूचं तिने नाही.

हे गेले त्या दिवशी आमची चूल बंद होती. शेवंतीने काट्यांतून हात घालून पिठलं-भाकरी पुढे केली. "खा गो तुळसे," म्हणाली. मनगट रक्ताळलं होतं तिचं. मी ताट घेतलं आणि तोंड फिरवलं. चुकलेच मी. त्याची अजून लाज वाटते.

४. जाळी कोणी तोडायची नाही. धनेशने भिंत घातली तर घरही जागृतीचं. शुभदाताई विचारतात, "एवढं कडक?" हो, एवढंच.

५. फक्त मधलं एक झुडूप काढायचं, माणूस आरपार जाईल इतकं. हे काम मात्र मुलांवर सोपवत नाही. आज सकाळी मीच कोयत्याने तोडलं.

ठिकाण: मानपाडा
दिनांक: ८ मे २०२५

(सही) तुळसा गोविंदा भोईर

साक्षीदार:

१. (सही) शुभदा केळकर, वकील, टेंभी नाका, ठाणे.

२. (सही) शेवंती त्र्यंबक म्हात्रे, शेजारीण. मी जाळीतून आले. माझ्यासमोर सही करताना तुळसा रडत होती, पण पूर्ण शुद्धीत होती.