शेठची झडप आणि माझी देखरेख

२ जून, सकाळ
आमचा कुत्रा शेठ पुन्हा खोकला. वय बारा, तेव्हा घसा असणार. निदान माझं. ही म्हणाली, निदान पुरे, डॉक्टरकडे न्या.

२ जून, संध्याकाळ
घसा नाही, हृदय. डॉक्टरीणबाई छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत बसल्या. म्हणाल्या, म्हाताऱ्या कुत्र्यांत होतं हे. हृदयातली झडप जाड होते, नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. मला लगेच समजलं. विचारलं, नळासारखा वॉशर बदलता येईल का? त्या म्हणाल्या, गोळ्या. दोन वेळा. मीठ बंद. आणि तो गाढ झोपला की मिनिटभर श्वास मोजायचे. तिसाच्या वर गेले तर ताबडतोब फोन. ही घाबरली. तिला धीर दिला की आजपासून सगळी जबाबदारी माझी. ही आणखी घाबरली.

४ जून
गोळी चीजमध्ये लपवली. शेठने गट्ट केली. ही म्हणाली, चीजमध्ये मीठ असतं. हिला फार बारकावे लागतात. उद्यापासून उकडलेला बटाटा.

५ जून, दुपार
श्वासमोजणी सुरू. शेठ सतरंजीवर, मी सोफ्यावर आडवा, हातात घड्याळ. अठरापर्यंत मोजले. पुढचं नीट आठवत नाही. पण अठरा म्हणजे उत्तम.

९ जून
आज अकरा! औषध लागू पडतंय. कन्येने ऑफिसातून फोन केला : बाबा, मोजताना झोपत तर नाही ना? हल्लीच्या पिढीचा कशावर विश्वासच नाही.

१३ जून
झाडताना हिला सोफ्याखाली गोळ्या सापडल्या. बऱ्याच. बटाटा चाटूनपुसून साफ. आता गोळ्या ही देते. जबडा उघडते, गोळी जिभेच्या मागे टाकते, गळा चोळते. झालं. यात कल्पकता ती काय? मी मोजणीत लक्ष घालणार.

१४ जून
चार! शेठ तरुण होत चाललाय.

१५ जून
लिहायची इच्छा नाही. दुपारी हिने मला गदागदा हलवलं. (डोळे मिटून मोजत होतो.) शेठचं पोट भात्यासारखं चाललं होतं. हिने मोजले : बेचाळीस. गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर. त्याला म्हटलं, उद्यापासून नक्की. तो माझा अंगठा चाटत राहिला. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. फुप्फुसात पाणी साठलं होतं. माझे आकडे ऐकून म्हणाल्या, मिनिटाला चार म्हणजे कुत्रा नव्हे, कासव. कोणी हसलं नाही. तासाभराने शेठने शेपटी आपटली, तेव्हा सगळेच हसलो. मीही. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

२२ जून
शेठ मजेत. झडप गळतेच, पण गोळ्यांनी भागतंय. मोजणी कन्येकडे, काल चोवीस. पाणी उतरवायच्या नव्या गोळीमुळे त्याला सारखं बाहेर जावं लागतं. पहाटे तो हिला उठवत नाही, कन्येला उठवत नाही. थेट माझ्या कानात थंड नाक खुपसतो. मुका जीव, पण माणूस ओळखतो. हिला हे मुद्दाम सांगितलं. ही म्हणाली, अहो, घोरता म्हणून तुम्हाला हॉलमध्ये झोपवलंय. दार तिथेच आहे.