घोडी थांबली तर

परळ, मुंबई. सन १९३२

चि. गुणाजीस बायचा आशीर्वाद. लेकाकडे मी धडधाकट आहे. सुनेचं कालवणही आता गिळवतं.

माझी नात तुझ्याकडे ठेवली ती घोड्यावर बसवायला नव्हे. मैना नदीकाठी घोडी दौडवते, असं कौतुकाने लिहिलंस. तिच्या बापाला मी सांगितलेलं नाही.

लहानपणी आपणही त्याच नदीकाठी ओहोटीला असेच दौडायचो. बाबांची घोडी चिखलापुढे थांबली, तर तू तिला काठी हाणलीस. ती पोटापर्यंत रुतली आणि समुद्राची भरती नदीत चढू लागली. तुला मी केसांना धरून ओढलं. घोडीला कोण ओढणार? तिचं ओरडणं विसरलास काय रे?

मैनेला सांग, घोडी थांबली की मुकाट मागे फिरायचं. टाच मारायची नाही. पोर बरी आहे ना, लगेच कळव. इथे समुद्राला भरती लागली की मला तिकडची नदी दिसते.

तुझी थोरली बहीण, बाय