माझ्या पाठीवर काय लिहिलं होतं

ब्रॅकनशॉ,
मार्चमधला एक रविवार (पाऊस नाही, पण भरवसाही नाही)

प्रिय थेल्मा,

थोरल्या बहिणीला पत्रात 'आदरणीय' लिहावं असं मला शाळेत शिकवलं होतं, पण जिने लहानपणी मला दोनदा कोळशाच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली तिला आदरणीय लिहिताना पेन अडखळतं. तेव्हा 'प्रिय'वर भागव. तुझी तब्येत कशी आहे हे रीत म्हणून विचारतो. तू 'ठीक' असंच लिहिणार हे माहीत असल्यामुळे खरं उत्तर तुझ्या शेजारणीकडून फोनवर घेतलेलं आहे. (तिच्यावर रागावू नकोस. माझा नंबर मीच तिला देऊन आलो होतो.) बेरिल खुशाल आहे आणि नवऱ्याला हसण्यात तिचा वेळ छान जातो. माझी तब्येत मात्र एका पत्रात मावणारी राहिलेली नाही. डावा गुडघा बोलतो, उजवी टाच त्याला उत्तर देते, आणि एका अंगठ्याचं नख सध्या माझ्याकडे नाही.

तुझं पत्र पोचलं. शेवटच्या ओळीत तू लिहिलंस की औषधाचे राहिलेले दोन डोस आता घेणार नाहीस, पुरे झालं, गुरुवारी हॉस्पिटलला जाणार नाहीस, आणि तसंही 'माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय'. या ओळीला मी उत्तर देणार आहे. पण त्याआधी तुला तुझ्या मरणाची हकीकत सांगितली पाहिजे.

कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला मी एप्रिलमध्ये लंडनच्या मॅरेथॉनला उतरतोय हे तुला माहीत आहे. ते ठरलं कसं, हे तुला सांगितलेलं नाही. तुझं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात मला काहीतरी करायचं होतं. स्वयंपाक मला येत नाही, प्रार्थना जमत नाही, आणि हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसलो तर 'घरी जा, तुझं तोंड बघून मला जास्त आजारी वाटतं' असं तूच म्हणालीस. म्हणून पबात जाऊन बसलो. तिथे दुसऱ्या ग्लासानंतर माझ्या तोंडून निघून गेलं, की मॅरेथॉनमध्ये एवढं असतं काय, एक पाय टाकायचा, मग दुसरा. शेजारी ओग्डन खाटीक बसला होता. तो म्हणाला, "मग टाक की." तेवढ्यात पबच्या मालकिणीने फळ्यावर खडूने माझं नाव लिहूनसुद्धा टाकलं आणि काउंटरवर देणगीचा डबा ठेवला. आपल्या गावात चांगल्या कामासाठी म्हणून एकदा चार लोकांत बोललं की परतीचा रस्ता बंद. गेल्या वर्षी चर्चच्या छपरासाठी हाच ओग्डन थंडगार बीन्सने भरलेल्या टबात दिवसभर बसला होता. त्याच्या कानातून अजून बीन्स निघतात असं त्याची बायको सांगते. तेव्हा माझी काय कथा?

आता माझ्यासारख्या प्लंबरचं अख्खं आयुष्य लोकांच्या सिंकखाली आडवं पडून गेलेलं. उभ्याने मी फारसं काही केलेलं नाही. त्यात पळणं! पहिल्या दिवशी मी तलावाच्या चढावर पळायला गेलो तेव्हा टपाल वाटणारी बाई चालत मला मागे टाकून गेली, आणि जाताना आमचं वीजबिल हातात देऊन गेली. दुसऱ्या आठवड्यात एक मेंढी माझ्याबरोबर निघाली. थोडा वेळ मला सोबत वाटली, मग तिलाच कंटाळा आला. पळताना खायचा एक गोड चिकट लगदा पाकिटात मिळतो, त्याची चव वॉलपेपर चिकटवायच्या खळीसारखी असते. (खळीची चव मला कशी ठाऊक हे विचारू नकोस, कोळशाच्या खोलीत दुसरं काही नव्हतं.) लांब पळायच्या आधी छातीला व्हॅसलीन चोपडायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शर्टाने घासून घासून दोन ठिकाणी अशी सालं निघाली की घरी आलो तेव्हा बेरिलला वाटलं, मला कुणीतरी दोन गोळ्या घातल्या, आणि त्याही अगदी नेम धरून.

तर मुद्दा पाठीचा. संस्थेकडून जो शर्ट आला त्याच्याबरोबर पाठीवर लावायची कार्डं आली. आपण कुणासाठी पळतोय ते त्यावर लिहायचं. कार्डं दोन प्रकारची होती. एकावर छापलेलं 'हिच्यासाठी धावतोय' आणि दुसऱ्यावर 'हिच्या स्मरणार्थ धावतोय'. माझ्या चष्म्यावर मी त्याच सकाळी बसलो होतो. हाताला लागलं ते कार्ड घेतलं, जाड पेनाने ठळक अक्षरात 'माझी बहीण थेल्मा' असं लिहिलं, आणि बेरिलने टीव्हीवरची प्रश्नमंजूषा बघता बघता, एकदाही खाली न पाहता, ते शर्टाला चार पिनांनी टोचलं. (एक पिन मला. पण प्रश्नाचं उत्तर तिचं बरोबर आलं.) आता मला सांग, जगात असा कोण माणूस आहे ज्याला पळता पळता स्वतःची पाठ वाचता येते?

त्यानंतर गाव माझ्याशी इतकं चांगलं वागायला लागलं की काय सांगू. ट्रक रस्त्याच्या कडेला थांबून मला वाट द्यायचे. एका ड्रायव्हरने चक्क टोपी काढली. मला वाटलं, माझी पळण्याची ढब सुधारली. ओग्डन, जो सॉसेजबरोबर स्वतःचा अंगठाही तोलतो, त्याने मला हाक मारून एक पोर्क पाई हातात कोंबली आणि पैसे घेईना. "जा पळ," म्हणाला, आणि वळून सुरीला धार लावत बसला. सुरीला धार आधीच होती. मग दारात भांडी यायला लागली. आपल्याकडे दुःख तोंडाने बोलायची पद्धत नाही हे तुला सांगायला नको. झाकलेलं भांडं उंबऱ्यावर ठेवायचं, घंटा वाजवायची आणि कोपऱ्यावरून पळ काढायचा. खिमा-बटाटा आला, चीजमधली मॅकरोनी आली, पुन्हा खिमा-बटाटा आला. बेरिल म्हणाली, "बघ, पळणाऱ्याला बटाटा लागतो हे गावाला कळतं." आम्ही दोघांनी सगळं खाल्लं. तुझ्या सुतकाचं जेवण जेवून माझं वजन वाढलं, थेल्मा. मॅरेथॉनच्या तयारीत वजन वाढलेला मी गावातला पहिलाच माणूस असेन.

बोलली ती एकटी नवीन पाद्रीबाई. ती दक्षिणेकडची आहे, तिला बोलल्याशिवाय राहवत नाही. चर्चच्या फाटकाशी तिने माझा घामेजलेला हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आता ती शांत असेल."

मी म्हणालो, "कोण, थेल्मा? शांत? अहो, कालच तासभर माझ्यावर ओरडत होती."

तिने हात आणखी घट्ट धरला. "असा आवाज ऐकू येतो कधीकधी," ती म्हणाली.

"कधीकधी नाही, दर शनिवारी. सहाच्या ठोक्याला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, ह्या बाईला बहीण नसावी. तिने मला एक पत्रक दिलं, ते मी न वाचता बुटात घातलं. बूट ओला झाला होता. त्या दिवसानंतर भांड्यांची संख्या वाढली आणि पबात माझ्याशी लोक हळू आवाजात बोलायला लागले. बोलाफुलाला अशी गाठ पडत गेली, आणि मी आपला दिवसेंदिवस छाती पुढे काढून पळतोय.

गेल्या मंगळवारी शाळेवरून पळत गेलो. नेहमी मी वरच्या रस्त्याने जातो, पण गुडघ्याने उतार मागितला. तुझ्या जुन्या क्रॉसिंगपाशी, जिथे तू तो पिवळा कोट घालून आणि गोल पाटीची काठी घेऊन जन्मभर पोरांना रस्ता ओलांडून दिलास, तिथल्या दिव्याच्या खांबाला फुलं बांधलेली दिसली. एक-दोन जुड्या नव्हेत, खांब दिसत नव्हता. कुणाचं तरी पोर गाडीखाली आलं असं वाटून मी थांबलो, नवा चष्मा लावला आणि पहिली चिठ्ठी वाचली. तिच्यावर तुझं नाव होतं. दुसरीवरही होतं.

एका ट्रकवाल्याने लिहिलं होतं, 'बाई, तुम्ही मला रोज सकाळी थांबवलंत आणि रोज उशीर झाला. आता कुणी थांबवत नाही. मीच सवयीने थांबतो.' ओग्डनची चिठ्ठी खाटकाच्या कागदावर होती, वास आला म्हणून ओळखली: 'हिने माझ्या व्हॅनवर काठी हाणली होती. पोचा अजून आहे. चूक माझी होती.' आणि एक होती कुणा लिनेटची. ती मला आठवत नाही, तुला आठवेल. 'माझी आई गेली त्या आठवड्यात थेल्माबाईंनी रोज माझा हात धरून मला पलीकडे नेलं. बाकी कुणाचा हात धरला नाही. काही विचारलंही नाही. आता माझी मुलगी त्याच शाळेत जाते आणि तिथे पोचलं की माझा हात आपोआप पुढे होतो.'

मी तिथेच फुटपाथवर बसलो आणि रडलो. हे मी तुला सरळ सांगतो, कारण ओग्डनने बघितलंय आणि तो सांगणारच आहे. तू मेलीस असं वाटून नाही रडलो, तू आदल्या शनिवारीच मला गाढव म्हणाली होतीस. पण क्षणभर खरंच तसं झालं असतं तर कसं असतं, ते मला त्या खांबापाशी दिसलं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. बऱ्याच वेळाने डोक्यात प्रकाश पडला. हात मागे नेला, कार्ड उपटलं, वाचलं.

संध्याकाळी पबात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की थेल्मा जिवंत आहे, समुद्राकाठी राहते, उपचार चालू आहेत आणि चूक माझ्या चष्म्याची आहे. मग ओग्डन म्हणाला, "म्हणजे माझी पाई तू अशीच खाल्लीस?" आणि जो हशा उठला तो तुझ्या समुद्रापर्यंत आला असेल. पाद्रीबाईच सगळ्यांत मोठ्याने हसत होती, आणि डोळे पुसत होती. डब्यातले पैसे कुणीही परत मागितले नाहीत. मालकिणीने उलट डबा सगळीकडे फिरवला. म्हणाली, मेलेलीसाठी दिलेत तर जितीसाठी हात का आखडता?

फक्त एक अडचण उरली. तुझ्या नावाने चर्चच्या हॉलमध्ये श्रद्धांजलीचं चहापान ठरलं होतं आणि ओग्डनने त्यासाठी अख्खं हॅम बाजूला काढून ठेवलंय. आपल्याकडे माणसाला हॅमशिवाय पोचवत नाहीत, आणि एकदा काढलेलं हॅम परत दुकानात लावत नाहीत. त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं, चहापान होणारच, मे महिन्यात, तुझे डोस संपल्यावर. अट एकच, स्वर्गवासी बाईंनी स्वतः हजर राहायचं. हॅम तोवर ओग्डनच्या फ्रीजरमध्ये आहे.

बाकी सर्व ठीक. बेरिल आठवण काढते. तिने एक लोकरीची टोपी विणली आहे. ती घालून तू उकडलेल्या अंड्यासारखी दिसशील, पण तिला तसं लिहू नकोस.

तुझा (कोळशाच्या खोलीतला) भाऊ,
क्लिफर्ड

ता. क. खांबावरच्या सगळ्या चिठ्ठ्या सोबतच्या बुटाच्या खोक्यात आहेत. तुझ्या शेवटच्या ओळीचं माझं उत्तर तेच. दोन वर्षांपूर्वी तू कुणाला न सांगता, पावसात, एक पेटी घेऊन गाव सोडलंस आणि नंतर म्हणालीस की पोचवायला कुणी आलं नाही. सांगितलंच नव्हतंस, तर येणार कोण? वाचून झाल्यावर ओग्डनची तेवढी परत पाठव. चांगली जमली आहे, पुढेमागे उपयोगी पडेल, असं तो म्हणतो.

ता. क. २. गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन तुझ्या दाराशी येतोय. दार उघडलं नाहीस तर शेजारणीकडे किल्ली आहे. तू भांडशील हे गृहीत धरून लवकर निघतोय. हॉस्पिटलसमोरचा रस्ता रुंद आहे आणि तिथे काठी घेऊन कुणी उभं नसतं. तू मला काही विचारायचं नाहीस, मी तुला काही विचारणार नाही. हात धरून पलीकडे जाऊ.

ता. क. ३. पाठीवर आता नवीन कार्ड आहे. या वेळी मजकूर बेरिलने लिहिला आणि मला दाखवायला तयार नव्हती. दोन दिवस अख्खं गाव माझ्या मागे हसत होतं, म्हणून शेवटी शर्ट काढून वाचलं. लिहिलंय, 'थेल्मा जिवंत आहे. याचं काही सांगता येत नाही.' त्यातलं पहिलं वाक्य खरं ठेवणं तुझ्याकडे. दुसऱ्याचं मी बघतो.