हातोड्याची थांबवलेली लढत

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेपर तू वाचला असशीलच. हातोडा म्हणतात त्या बॉक्सरची लढत सातव्या फेरीत थांबवणारा रेफ्री मीच. तो पडला नव्हता, गुणांवर पुढेही होता. पण ठोसा येताना माणूस निदान डोळे मिटतो. याचे उघडेच राहिले. समोरून काय येतंय ते त्याला दिसतच नव्हतं. मी मध्ये शिरलो आणि सभागृह पेटलं. बाटल्या आल्या, शर्टावर कुणी थुंकलं. चौकशी होईपर्यंत बॉक्सिंग मंडळाने मला घरी बसवलंय. भाऊजींना सांग, पत्त्यांना चौथा भिडू मिळाला.

हातोडा तुझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. मी तुझा भाऊ आहे हे उगाच बोलू नकोस.

लोभ असू दे, सध्या इतर कुणाचा उरलेला नाही.

तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

न बोलायला मी काय चोरी केलीय? सगळ्या जिन्याला मीच सांगितलं.

काल हातोड्याची बायको माझ्या शिवणाच्या दुकानात आली. मला वाटलं, भांडायला. तर मे महिन्यात त्याची पुढची लढत आहे, रिंगमध्ये येताना अंगावर घालायचा झगा शिवायचा होता. मापाला तोही आला. मावशी म्हणतो, आवाज मऊ. जुना झगा चढवताना त्याचा हात बाहीत जाईना. कापडावरून नुसता घसरत होता आणि तो मात्र हात आत गेलाय असं समजून माझ्याशी हसत बोलत होता. शेवटी मीच मनगट धरून घातला. बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

जाताना म्हणाला, तुमच्या भावाने माझं नाव मातीत मिळवलं, तुमच्यावर मात्र राग नाही.

वेळेवर जेवत जा. माया आहे तशीच आहे.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाहीची गोष्ट मी मंडळात सांगितली. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक म्हटलंय म्हणे. अध्यक्ष म्हणाले, शिवणाच्या दुकानातल्या गप्पांवर मंडळ चालत नाही.

मेच्या लढतीला ते माझ्या गुरूंना रेफ्री नेमणार आहेत. लोकांना शेवटपर्यंत बघू देणारा माणूस, असं त्यांचं कौतुक होतं. स्वभावाने वाईट नाहीत. पण त्यांच्या एका लढतीनंतर स्ट्रेचरला मी हात लावला होता. तो बॉक्सर आज म्हातारी आई भरवेल तेव्हा जेवतो.

मला सुचवलंय की चौकशी समितीपुढे घाई झाली म्हण, लगेच कामावर घेतो. मी नाही म्हटलं.

आठवण काढत जा.

धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

काल हातोडा जिन्याच्या मधल्या वळणावर उभा होता. वर जायचं की खाली, हेच त्याला ठरेना. मी विचारलं तर म्हणाला, पाय मोकळे करतोय. मी त्याला दारापर्यंत पोचवलं.

मग त्याची बायको आली. तो तिचं ऐकत नाही, त्याला शिकवणारा उस्तादही ऐकत नाही. म्हणाली, तुमच्या भावाला सांगा, हवं ते कबूल करा, पण त्या दिवशी रिंगमध्ये तुम्हीच असा. दुसरं कुणी थांबवणार नाही.

आजवर मी तुला कधी खोटं बोल म्हटलं नाही. आज म्हणते.

रागावू नकोस.

ताई

२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोललो. घाई झाली, असं सगळ्यांसमोर म्हणालो आणि तीच लढत मागून घेतली. आयोजकाला आनंद झाला, कारण तोच बॉक्सर आणि तोच रेफ्री म्हटल्यावर तिकिटं हातोहात गेली. अध्यक्षांनाही वाटतं की आता याची पुन्हा थांबवायची हिंमत होणार नाही. दारापर्यंत येऊन खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, या वेळी गडबड झाली तर कुठल्याच रिंगमध्ये दिसणार नाहीस.

घरासमोर दोन माणसं उभी असतात. मी बाहेर पडलो की बाजूला सरून वाट देतात.

त्यांची भीती नाही गं. थांबवायचा क्षण एका श्वासाएवढा असतो. आधी हात घातला तर मी चोर, आणि उशिरा घातला तर काय, ते लिहवत नाही.

पाठीशी राहा.

धाकटा

१७ मे

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पोलिसांच्या गाडीतून सुखरूप घरी पोचलास ते कळलं. मंडळाने नाव कायमचं काढलं, तेही कळलं.

मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. चौथ्या फेरीत तू त्याला कवेत घेऊन लढत थांबवलीस, त्यानंतर कपडे बदलताना तो कोसळला. डोक्यात रक्त साचलं होतं. सर्जन म्हणाले, आणखी एक ठोसा बसला असता तर मला बोलवायची वेळच आली नसती. पेपरात यातलं काही नाही. तो जिंकत होता, एवढंच आहे.

आज त्याने डोळे उघडले. जीभ जड आहे. पहिल्यांदा दिल्या त्या तुला शिव्याच. मी जिंकत होतो, त्याने मला बुडवलं, असं पुन्हापुन्हा म्हणत होता. नर्स दटावायला लागली तर बायकोने तिचा हात धरला. म्हणाली, बोलू दे त्यांना. मग पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहिली. तो एखाद्या शिवीवर अडखळला की उरलेला शब्द तीच हळूच पुरवत होती.

तुझीच,
ताई