फंक्शन निर्दोष आहे

साडूभाऊंना वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच पोहोचेल, उरलेला भेटीत करीन.) तुमचा खोकला काय म्हणतो? ताईंचा गुडघा? आमची ही सोमवारपासून तुमच्याकडे आहे, तिची तब्येत मी विचारत नाही. (जेवते ना नीट?)

तिने तुम्हाला सांगितलंच असेल की माझ्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रामने तिची बेकरी बुडवायला घेतली. साफ खोटं! फंक्शन निर्दोष आहे. मी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, जे शिकलो ते स्वतःच्या डोक्याने. पण फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधला हिशेब करणारा तुकडा, ते कसं असावं हे मला कुणी शिकवू नये. ते असावं खिडकीवरच्या कारकुनासारखं. त्याला मागचं काही आठवत नाही. आपली फाईल आपण आत सरकवायची; तो उत्तर देतो, फाईलमध्ये नवी नोंद करून ती परत सरकवतो, आणि पुढच्या खेपेला तीच फाईल आपणच आणायची. अशा फंक्शनला शुद्ध म्हणतात. माझंही तसंच: आजची विक्री आणि फाईल आत, उद्या किती पाव भाजायचे तो आकडा आणि नवी फाईल बाहेर. आत कसली लपवाछपवी नाही. इतकं देखणं झालं की मी ते हिला दोनदा वाचून दाखवलं. (दुसऱ्यांदा ती मध्येच भांडी घासायला उठली.)

आता हे फंक्शन चालवणारं जे बटण, त्याने काय करावं? आकडा तेवढा घेतला आणि नवी फाईल दिली फेकून! रोज संध्याकाळी पुन्हा पहिल्या दिवसाचीच फाईल आत. आणि पहिला दिवस कुठला, तर समोरच्या मैदानात शर्यती होत्या तो. म्हणजे फंक्शन बिचारं रोज समजायचं की कालच शर्यती झाल्या, अख्खं गाव भुकेलं आहे, भाजा! पाव फडताळात, पाव जिन्यावर, पाव माझ्या खुर्चीत. भट्टीवाले मामा म्हणाले, "साहेब, आता आपण उभं कुठं राहायचं तेही मशीनलाच विचारा." (ते बटण कोणी लिहिलं हा प्रश्न इथे गैरलागू आहे. घरात प्रोग्राम लिहिणारा मी एकटाच, एवढंच सांगतो.)

तरीही ही गेली नसती. पण मला शुद्धतेचं जरा चढलं होतं. तिने विचारलं, "काल सांगितलेलं यीस्ट आणलंत का?" मी म्हणालो, "माझ्याजवळ कालचं काही नसतं. कालचं सगळं प्रश्नाबरोबर देत जा." ती म्हणाली, "कालचंच कशाला, लग्नापासूनचं सगळं बांधते की!" आणि बांधलं, आणि निघाली. झालं ते तत्त्वाला धरूनच हो. सगळी माहिती तिच्याबरोबर गेली, मागे नुसतं फंक्शन उरलं. साखरेचा डबा कुठे असतो इथपासून कोरं.

बाकी मी मजेत आहे. ताईंना नमस्कार.

तुमचा शुद्ध आणि उपाशी
साडू

ता. क. बटण दुरुस्त केलं. आता नवी फाईल जपून ठेवल्याशिवाय आकडा दिसतच नाही. अडचण एवढीच की सुरुवात नव्याने करायची तर पहिली फाईल खरी हवी, आणि आपलं गिऱ्हाईक कधी किती खातं ते सगळं हिच्या डोक्यात. तेव्हा उद्या किती पाव भाजायचे, हे तिला बोलता बोलता सहज विचारा. माझं नाव काढू नका.

आणखी एक ता. क. तिने आकडा सांगितलाच, तर नुसता आकडा कळवू नका. तिलाही पाठवा. आकडा ठेवून बाकीचं सोडून दिल्यानेच एवढा घोळ झाला.